उत्तर न दिलेली हाक

कॅप्टन यशवंत पारठे कॉकपिटमध्ये शिरले की 'गुड मॉर्निंग'च्या आधी शेजारच्या को-पायलटला विचारायचे, "झोप झाली का?" विचारायचे आणि उत्तराकडे फारसं लक्ष द्यायचे नाहीत. समोरचा "हो सर, छान झाली" म्हणत असायचा, आणि सर त्याच्या डोळ्यांकडे बघत राहायचे. पापण्या जड आहेत का, बोलताना जीभ रेंगाळते का, पट्टा लावताना हात चुकतो का. मग एकदा मान हलवायचे आणि कामाला लागायचे.

आमची पहिली भेट या प्रश्नावरच मोडली. मी कंपनीत नवी होते. आदली रात्र भोरला आईच्या उशाशी बसून काढली होती, तिथून परस्पर विमानतळावर आले होते. सरांनी विचारलं, मी "हो सर" म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फोन उचलला आणि शांतपणे सांगितलं, "दुसरा फर्स्ट ऑफिसर पाठवा. या मुलीला झोपेची गरज आहे." प्रवासी चढायला लागले होते. माझी बॅग घेऊन मी त्यांच्यामधून उलटी खाली उतरले. त्या दिवशी मी रागाने रडले. या माणसाबरोबर पुन्हा कधी उडणार नाही, असं ठरवून टाकलं.

पुढच्याच आठवड्यात पुन्हा त्यांच्याच शेजारी बसले. यावेळी मी झोपून आले होते. विमान वर स्थिरावल्यावर त्यांनी घर कुठलं म्हणून विचारलं. मी भोर सांगितलं. वडील तिथल्या कोर्टात नाझर होते, हेही सांगितलं. ते पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "मी हिर्डोशीचा. वरंध घाटाच्या अलीकडं." त्या दिवसापासून मी त्यांची 'भोरकर' झाले. माझं खरं नाव त्यांनी पुन्हा कधी घेतलं नाही.

हिर्डोशीसारख्या गावातून विमानात पोचलेला माणूस आपण कसे वर आलो याच्या गोष्टी सांगत बसेल, अशी माझी कल्पना होती. सर काही सांगायचे नाहीत. शाळेला चालत जाणं, मग साताऱ्याला सैनिकी शाळा, पुढे हवाई दलात मालवाहू विमानं, आणि तिथून आमची कंपनी, एवढं मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. पुण्याकडे येताना कधी खाली भाटघर आणि देवघर धरणांचं पाणी चमकायचं. मी बोट दाखवलं की ते म्हणायचे, "खाली काय बघतेस, भोरकर? पुढं बघ. आभाळात कडेला थांबून चहा प्यायची सोय नाही."

त्यांच्याबरोबर उडताना एक गोष्ट मात्र मला खटकायची. ते रेडिओचा आवाज नेहमी गरजेपेक्षा मोठा ठेवायचे. कंट्रोलरने कुठल्याही विमानाला हाक मारली आणि त्या विमानाने लगेच उत्तर दिलं नाही, की सर हातातलं काम थांबवायचे. पाण्याचा ग्लास ओठाशी असेल तर तिथेच राहायचा. दुसरी हाक गेली की त्यांच्या कपाळावर घाम दिसायचा. मग ते विमान उत्तर द्यायचं, बहुतेक वेळा क्षुल्लक कारण असायचं, आणि सर खाली बघून हळूच म्हणायचे, "हाय. जागा हाय गडी." मला वाटायचं, हवाई दलातल्या कुठल्या अपघाताची आठवण असेल. विचारायचं धाडस झालं नाही.

मग कराराचं प्रकरण आलं. आमच्या पायलट संघटनेची आणि कंपनीची बोलणी कित्येक वर्षं रखडली होती. शेवटी एक मसुदा तयार झाला. तो अजून पक्का नव्हता. पायलटांनी मतदान करून स्वीकारला तरच लागू होणार होता. पगार वाढणार होता, जुनी भांडणं मिटणार होती. आणि सगळ्यात मोठं म्हणजे प्रत्येकाला आपल्या घराजवळचा विमानतळ कायमचा निवडता येणार होता. माझ्यासाठी करार म्हणजे तेवढंच कलम होतं. आई भोरला अंथरुणाला खिळलेली. एक बाई दिवसभर सांभाळायची, शेजारचे जाऊन-येऊन असायचे. मी दिल्लीहून उडायचे आणि महिन्यातून कधीतरी घरी यायचे. पुणे मिळालं असतं तर ड्यूटी संपवून आईच्या शेजारी झोपता आलं असतं.

त्याच मसुद्यात मधेच कुठेतरी आणखी एक कलम होतं. दोन ड्यूट्यांमधली विश्रांती, गरज पडल्यास, कमांडरच्या, म्हणजे त्या विमानाच्या कॅप्टनच्या, संमतीने कमी करता येईल. कायद्याच्या मर्यादेतच होतं ते. फारसं कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. बोलणी करणाऱ्या समितीतल्या बाकी सगळ्यांनी करार स्वीकारा म्हणून आवाहन काढलं. पारठे सर समितीत होते, आणि त्या आवाहनावर फक्त त्यांची सही नव्हती. विरोधही त्यांनी केला नाही. रजा टाकून ते गावी निघून गेले आणि फोन उचलेनासे झाले.

सरांना सगळे मानत. ते गप्प आहेत म्हटल्यावर पायलटांमध्ये चुळबूळ सुरू झाली. संघटनेचे अध्यक्ष होते कॅप्टन सलील. सरांचे जुने मित्र, हवाई दलातले सोबती. ते मला म्हणाले, "तू तिकडची आहेस. चल माझ्याबरोबर. एक शब्द त्याच्या तोंडून काढून आणू." मी आनंदाने निघाले. मलाही तो शब्द 'हो' हवा होता.

भोर सोडल्यावर रस्ता देवघरच्या पाण्याला धरून आत आत जातो. हिर्डोशीला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. घरामागच्या खळ्यावर नाचणीची कणसं वाळत घातली होती आणि सर बनियन-पायजम्यावर उकिडवे बसून ती काठीने झोडत होते. त्यांच्या वहिनींनी आम्हाला पाणी दिलं. "चार दिस झालं, ह्येच चाललंय," त्या मला हळूच म्हणाल्या. "जेवायला बोलीवलं तर येत्यात. बोलत न्हाईत कुनासंगं."

सलील सर खळ्याच्या कडेला दगडावर बसले आणि सरळ विषयाला आले. "यशवंत, पोरं तुझ्या तोंडाकडे बघतायत. हा करार पडला तर कंपनी बोलणी गुंडाळेल. पुन्हा कधी, कोणाला माहीत. तुला नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, पण असा पळून येऊ नकोस."

सर काठी चालवत राहिले. मग म्हणाले, "विश्रांती कमी करायची ती कुणाच्या संमतीनं?"

"कमांडरच्या. म्हणजे तुझ्या-माझ्या. आपल्याच हातात आहे ते. दमला असशील तर नाही म्हण."

"दमलेल्या मानसाला कळत न्हाई रं, सलील." सरांनी काठी खाली ठेवली. कंपनीच्या माणसाशी ते असं गावाकडचं बोलताना मी प्रथमच ऐकत होते. "त्याला विचारलं तर तो 'मी ठीक हाय' म्हनतो. खोटं न्हाई बोलत. त्याला खरंच तसं वाटतं."

मग ते माझ्याकडे वळले. "तुझं काय म्हणणं, भोरकर?"

"मला घरी यायचंय, सर," मी म्हणाले. "आईजवळ."

त्यांनी मान हलवली. "ते खरं आहे," म्हणाले. आणि मग जमिनीकडे बघत त्यांनी इतकी वर्षं पोटात ठेवलेलं आम्हाला सांगितलं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आखातातून परत येत होते. लागोपाठच्या रात्रपाळ्या होत्या, त्यात एक फेरी आयत्या वेळी वाढवली होती. कंपनीने विचारलं होतं, आणि सरांनी 'चालेल' म्हटलं होतं. शेजारी संदीप होता. किकवीचा पोरगा, शेतकऱ्याच्या घरातला. सरांचं बघून पायलट झालेला, सरांना देव मानणारा. खाली समुद्र, समोरून सूर्य वर येत होता, उबदार ऊन कॉकपिटमध्ये आलं होतं. संदीप काहीतरी सांगत होता. त्यानंतरचं सरांना आठवत नव्हतं.

"मला जाग आली ती हाकेनं," सर म्हणाले. "कंट्रोलर आमच्या विमानाचा नंबर घेऊन बोलावत होता. त्याचा आवाज बसला होता इतक्या हाका मारल्या होत्या त्यानं. दुसऱ्या एका विमानाचा पायलटसुद्धा आम्हाला हाका मारायला लागला होता. मी उजवीकडं बघितलं. संदीप झोपला होता. तोंड उघडं, लहान पोरासारखा. विमान आपलं आपण चाललं होतं. खाली उतरायला सुरुवात करायची जागा मागं राहिली होती. माझ्या मागं सगळं विमान भरलेलं. बायका, पोरं. ती पण झोपलेली."

"किती वेळ?" सलील सरांनी विचारलं.

"घड्याळात दिसत होतं. मी बघितलं. ते मी कुणाला सांगितलं नाही, तुलाही सांगणार नाही."

कंट्रोलरला त्यांनी उत्तर दिलं की रेडिओत बिघाड झाला होता. विमान नीट उतरवलं. खाली आल्यावर संदीप त्यांच्यापुढे हात जोडून उभा राहिला, म्हणाला, 'सर, लिहू नका.' सरांनी अहवाल लिहिला नाही. लिहिला असता तर चौकशी होईपर्यंत दोघांचंही उडणं बंद झालं असतं. पुढे काही महिन्यांनी, अशाच जोडून आलेल्या ड्यूट्या उरकून संदीप स्वतःची गाडी चालवत किकवीला घरी निघाला होता. गावाच्या अलीकडे महामार्गावर गाडी उभ्या ट्रकखाली गेली. ब्रेक लावल्याची खूणसुद्धा रस्त्यावर नव्हती.

"मी लिहिलं असतं तर त्याची नोकरी गेली असती कदाचित," सर म्हणाले. "तो नाचणी झोडत बसला असता माझ्यासारखा. पण असता तरी."

सलील सरांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, "यशवंत, हे बाहेर बोलू नकोस. लायसन्स जाईल. नाव जाईल. इतक्या वर्षांचं सगळं जाईल."

"बोलायचंय म्हणून तर हितं येऊन बसलोय. धीर होत नव्हता." ते उठले, हात झटकले. "सभेत बोलतो. पण आधी किकवीला जायला पायजे. त्या घरानं हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नये."

वहिनींनी दारातून एवढंच म्हटलं, "भावजी, दोन घास खाऊन जावा." सर खाली मान घालून जेवले. कपडे बदलून गाडीत बसले. भोर मागे पडलं, कापूरहोळला महामार्ग लागला, आणि पुण्याकडे न वळता त्यांनी गाडी साताऱ्याच्या दिशेला घ्यायला सांगितली. किकवी येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. एका जागी त्यांनी डोळे मिटून घेतले.

संदीपच्या वडिलांना सगळे तात्या म्हणत. उंच, वाकलेला माणूस. सरांना पाहून त्यांना आनंद झाला. पोराचे साहेब आले म्हणून त्यांनी सतरंजी अंथरली, आत चहा सांगितला. भिंतीवर गणवेशातल्या संदीपचा फोटो होता. सर सतरंजीवर बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. चहा घेऊन आलेली संदीपची आई दारातच थांबली.

तात्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "इमानातली मानसं समदी उतरली?"

"उतरली."

"समदी?"

"व्हय, तात्या. समदी."

तात्या फोटोकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हंजी आमचाच तेवढा ऱ्हायला."

सरांनी त्यांच्या पायांना हात लावला. तात्यांनी पाय मागे घेतले नाहीत, आणि हातही वर उचलला नाही. आम्ही निघालो तेव्हा ते ओट्यापर्यंत आले. "तुमी सांगितलं ते बरं केलंत," म्हणाले. "पर आता पुन्यांदा येऊ नका, साहेब. तुमी आलात की त्यो आल्यावानी वाटतं."

गाडीत सलील सर पुढे बसले होते आणि आम्ही दोघं मागे. मुंबईपर्यंत सरांचा उजवा हात मधल्या रिकाम्या जागेवर उलटा पडला होता, तळवा वर.

सभा मुंबईच्या विमानतळाजवळच्या एका हॉटेलात होती. हॉल भरला होता, मागे पायलट उभे होते. सर बोलायला उठले तेव्हा त्यांच्या हातात कागद नव्हता. खळ्यावर जे सांगितलं तेच त्यांनी सांगितलं. संदीपचं नाव घ्यायच्या आधी थांबले, पाणी मागितलं, प्यायले नाहीत. शेवटी म्हणाले, "मी कोणाला हो म्हणा किंवा नाही म्हणा, असं सांगायला उभा नाही. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी कोणीतरी वाट बघतंय, आणि हा करार तुम्हाला घराजवळ नेतो, हे मला माहीत आहे. पण माझी संमती विचारली होती, आणि मी चालेल म्हटलं होतं. एवढंच तुमच्या कानावर घालायचं होतं. हे सगळं लिहून मी आज सकाळी विमान वाहतूक खात्याकडे दिलं आहे." ते खाली बसले. टाळ्या झाल्या नाहीत. माझ्या पुढच्या रांगेतला एक तरुण पायलट दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला होता. तेवढ्यावरून मला कळलं की सरांची गोष्ट एकट्या सरांची नव्हती.

मतदान मोबाईलवर होतं. मी भोरला आईच्या पलंगाशी बसून मत दिलं. आई झोपेत होती, तिचा हात माझ्या मांडीवर होता. मी 'नाही' दाबलं.

करार पडला. सलील सर म्हणाले होते तसं कंपनी बोलणी सोडून गेली, आणि दुसरा करार यायला फार काळ गेला. त्यात विश्रांतीचं ते कलम नव्हतं. घराजवळचा विमानतळही नव्हता. एक हवं तर दुसरं सोडा, असा तो हिशेब झाला होता. मी दिल्लीलाच राहिले. आई गेली तेव्हा मी तिथल्या हॉटेलच्या खोलीत पडदे ओढून कंपनीने दिलेली पुरेपूर विश्रांती घेत होते. फोन बंद होता.

आईच्या दहाव्याला सर हिर्डोशीहून एसटीने आले. तोवर त्यांचं लायसन्स निलंबित झालं होतं, कंपनीने त्यांना काढलं होतं, आणि ते कायमचे गावी राहायला गेले होते. नदीवरचं सगळं आटोपल्यावर ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"भोरकर, त्या करारात तुझी आई होती."

"हो, सर."

"माझा राग येत असेल."

"येतो," मी म्हणाले. खरंच येत होता. त्यांच्यापुढे खोटं बोलणं जमलंच नसतं.

"येऊ दे," ते म्हणाले. "लवकर घालवू नकोस." आणि स्टँडकडे चालायला लागले. त्यांच्या पाठमोऱ्या खांद्यांकडे बघताना माझा राग कमी झाला नाही, पण मी त्यांच्या मागोमाग गेले आणि एसटी सुटेपर्यंत त्यांच्या शेजारी बाकावर बसून राहिले.

नंतर मी कमांडर झाले. सुट्टीत भोरला घर उघडायला आले की हिर्डोशीला जायचे. गेल्या वर्षी सरांना पक्षाघाताचा झटका आला. चालणं गेलं, बोलणं तुटक झालं. दुसऱ्या झटक्यात ते गेले. किकवीला निरोप धाडला होता. तिकडून कोणी आलं नाही, आणि कोणी यावं अशी अपेक्षाही करता येत नव्हती. सलील सर मुंबईहून आले आणि दिवसभर त्या खळ्याच्या कडेच्या दगडावर बसून राहिले.

पण सर म्हटलं की मला आठवते ती त्याआधीची शेवटची भेट. मी गेले तेव्हा दुपार होती. सर ओट्यावर खाटेवर होते, डोळे मिटलेले. वहिनी जवळच बसून तांदूळ निवडत होत्या. मला म्हणाल्या, "ताई, बरं झालं आलीस. हल्ली ह्ये असं पडल्या पडल्या इंग्रजीत बोलत्यात. एकच बोलनं, पुन्ना पुन्ना. आमाला काय कळत न्हाई. कुनाला बोलीवत्यात का काय, जीव घाबरा हुतो."

मी खाटेपाशी बसले. थोड्या वेळाने सरांचे ओठ हलले. रोजच्या बोलण्यात सरांचा एक शब्द धड उमटायचा नाही, पण हे शब्द स्पष्ट होते. विमानाचा नंबर, उंची, आणि मग इंग्रजीतच 'ऐकतोय, ऐकतोय, आम्ही इथे आहोत.' थांबले. कान दिल्यासारखी मान तिरकी केली. पलीकडून काही आलं नाही. त्यांच्या कपाळावर घाम जमायला लागला आणि त्यांनी पुन्हा तेच सुरू केलं, नंबर, उंची. उत्तर देऊन देऊन थकलेला माणूस होता तो, आणि त्याचं उत्तर कोणी घेतच नव्हतं.

मी त्यांच्या कानाशी वाकले. उत्तर पोचल्यावर कंट्रोलर बोलतो तशा सपाट आवाजात त्यांच्या विमानाचा नंबर घेतला आणि म्हणाले, "रॉजर. लाउड अँड क्लिअर."

सरांनी श्वास सोडला. मान सरळ झाली, हाताची मूठ उघडली. काही वेळाने ते घोरायला लागले.

वहिनींचं ताट हातातच राहिलं होतं. "काय म्हनत हुते गं?" त्यांनी विचारलं.

"पोचतोय म्हणाले," मी म्हणाले.

"आन् तू काय म्हनलीस?"

"'या' म्हणाले मी."

वहिनींनी बरं म्हटलं, आणि खाली मान घालून तांदळातला खडा शोधायला लागल्या.